टब, विहीर आणि बी निगेटिव्ह रक्त: पाण्यातल्या बाळंतपणाचं एक प्रकरण

माझ्या एका बाळंतिणीने आणि तिच्या नवऱ्याने परवानगी दिली म्हणून हे प्रकरण लिहिते आहे. नावं दिलेली नाहीत. गाव मात्र देवबागच ठेवलं आहे, कारण गाव बदललं तर घरीच, पाण्यात बाळंत व्हायचं की नाही या निर्णयाला काही अर्थच उरत नाही.

ज्यांनी देवबाग पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. मालवणच्या दक्षिणेला, कर्ली नदी आणि अरबी समुद्र यांच्यामध्ये वाळूची एक चिंचोळी पट्टी आहे. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र, मधे माड, घरं आणि तारकर्लीवरून मालवणला येणारा एकच रस्ता. पावसाळ्यात उधाणाच्या वेळी समुद्र काही घरांच्या मागीलदारी येऊन उभा राहतो. तिथून कुडाळच्या माझ्या रुग्णालयात यायला कोरड्या दिवसांत तास लागतो, जुलैच्या पावसात दीड.

ती सत्तावीस वर्षांची, पहिलटकरीण. नवरा पर्यटकांना स्कुबा आणि स्नॉर्केलिंगला नेतो. बाळंतपणाची तारीख जुलैअखेरची होती, म्हणजे बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या आणि तो पूर्णवेळ घरी. रक्तदाब चांगला, साखर नाही, सोनोग्राफीत सगळं ठीक, एचआयव्ही आणि कावीळ ब दोन्ही निगेटिव्ह. हिमोग्लोबिन 10.2, म्हणजे गरोदरपणातल्या 11 च्या रेषेपेक्षा थोडं खाली. रक्तगट बी निगेटिव्ह, नवऱ्याचा बी पॉझिटिव्ह. बाळाचं रक्त पॉझिटिव्ह निघालं तर आईच्या अंगात त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊ नयेत म्हणून अठ्ठाविसाव्या आठवड्यात अँटी-डीचं इंजेक्शन दिलेलं होतं.

पहिली भेट, चार मिनिटांची

तिसाव्या आठवड्यात तपासून झाल्यावर तिने पर्स उचलली, पुन्हा खाली ठेवली आणि विचारलं, "मॅडम, वॉटर बर्थबद्दल तुमचं काय मत आहे?"

बाहेर चौदा जणी बसल्या होत्या. मी फाइलमधून मान वर न करता म्हणाले, "आपल्याकडे असलं काही नसतं गं. तू आधी हिमोग्लोबिनकडे बघ." तिने मान हलवली, लोहाच्या गोळ्या घेतल्या आणि गेली. या प्रकरणात माझ्या हातून झालेली सर्वांत मोठी चूक हीच, आणि ती मी पुसट करून लिहिणार नाही. तिचा प्रश्न वैद्यकीय होता. मी त्याला वैद्यकीय उत्तर दिलंच नाही, फक्त दार लावून घेतलं.

तीन आठवड्यांनी गावातल्या आशाताईचा, म्हणजे आशा कार्यकर्तीचा, फोन आला. "मॅडम, त्येंनी हवा भरूचो टब मागवल्यानी. घराकच बाळंतपण करूचा म्हणतत. माका सांगू नको म्हणाले, पण माका झोप येना."

योजना अशी होती. घरातच टब भरायचा. पुण्याची एक डूला, म्हणजे बाळंतपणात सोबत करणारी प्रशिक्षित बाई, व्हिडिओ कॉलवर मार्गदर्शन करणार. नवऱ्याची एक निवृत्त नर्स असलेली मावशी हाताशी. काही बिनसलं तर 108 ला फोन.

पुढच्या रविवारी मी देवबागला गेले. बोलावणं नव्हतं. आशाताईचं नाव सांगितलं नाही, एवढंच म्हटलं की त्या दिवशी तुझा प्रश्न अर्धा राहिला, तो पुरा करायला आले आहे.

तिला नेमकं काय हवं होतं

सुरुवातीचा अर्धा तास ती बोललीच नाही. सासूबाईंनी कोकम सरबत दिलं. मग खोलीत टबाचा खोका दिसला, तेव्हा मीच म्हटलं, "उघडून दाखव ना." तिथून ती मोकळी झाली.

पाण्याचं वेड तिला मोबाइलवरच्या व्हिडिओंनी लावलं असावं असा माझा समज होता. व्हिडिओ होतेच. पण मूळ दुसरीकडे होतं. थोरल्या बहिणीचं बाळंतपण तिने दाराबाहेर बसून ऐकलं होतं. बहिणीला पाय अडकवून पाठीवर झोपवलं होतं, आत कुणी सोबतीला सोडलं नव्हतं, ओरडली म्हणून मांडीवर चापट बसली, टाके न विचारता घेतले. सहा तास ती एकटी होती. "त्या टबात कोणी माझे पाय बांधू शकणार नाही ना, मॅडम," ती म्हणाली.

हे ऐकल्यावर मला बराच वेळ काही बोलता आलं नाही. आमच्या व्यवसायात हे घडतं हे मला ठाऊक आहे, आणि माझ्याही लेबर रूममध्ये कधीतरी कुणाचातरी आवाज चढला असेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018 च्या शिफारशींत बाळंतपणात आपल्या पसंतीचं माणूस सोबत असावं, कळांच्या वेळी हिंडूफिरू द्यावं, हव्या त्या स्थितीत बाळंत होऊ द्यावं, बाळाची वाट मोठी करायला सरसकट छेद देऊ नये, हे सगळं स्पष्ट लिहिलेलं आहे. यातल्या एकाही गोष्टीसाठी टब लागत नाही. तरी तिला टबाशिवाय त्या मिळण्याची खात्री नव्हती, आणि माझ्या त्या चार मिनिटांनी तिची शंका पक्की केली होती.

वेदनेचं म्हणाल तर तिला इंजेक्शन नको होतं. आमच्याकडे एपिड्युरल, म्हणजे कळा बधिर करणारी पाठीतली भूल, रात्रीबेरात्री मिळेलच अशी खात्री मीही देऊ शकत नव्हते. भूलतज्ज्ञ तीन रुग्णालयांत फिरतात.

सासूबाईंचा प्रश्न

"डॉक्टरबाई, पाण्यात पोर जल्माक येता काय कधी? नाकातोंडात पाणी जातला त्याच्या."

मला हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्याचं उत्तर सविस्तर देते.

बाळ पोटात असताना फुप्फुसांनी श्वास घेत नाही. प्राणवायू वारेतून नाळेवाटे येतो. बाहेर पडल्यावर थंड हवा, स्पर्श, नाळेतला बदलता प्रवाह अशा अनेक गोष्टींनी पहिला श्वास सुरू होतो. पाणी शरीराइतकंच उबदार असेल, बाळ ठणठणीत असेल आणि नाळ चालू असेल, तर काही क्षण पाण्याखाली राहूनही ते सहसा श्वास घेत नाही. तोंडावर पाणी लागलं की घसा बहुधा आपोआप मिटतो. म्हणून बाळाला लगेच, हलक्या हाताने वर आणतात, आणि एकदा तोंड हवेत आलं की पुन्हा पाण्यात घालत नाहीत.

पण हे सगळं ठणठणीत बाळाचं झालं. नाळ दाबली गेली असेल किंवा कळांमध्ये बाळाला प्राणवायू कमी पडला असेल, तर ते बाळ आत असतानाच धाप टाकल्यासारखा श्वास ओढू शकतं, आणि तेव्हा पाणी आत जातं. म्हणजे सासूबाईंची भीती चुकीची नव्हती. ती कोणत्या बाळाला लागू आहे हे ओळखणारं माणूस आणि ठोके ऐकणारं यंत्र टबाशेजारी असायला हवं, एवढीच भर त्यात घालायची होती. व्हिडिओ कॉलवरून बाळाचे ठोके ऐकता येत नाहीत. देवबागला जुलैमध्ये व्हिडिओ कॉल लागेल की नाही, हा वेगळाच प्रश्न.

एक प्रश्न, ज्याचे दोन झाले

घरी परत येऊन मी दोन रात्री वाचत बसले. हे मी आधीच करायला हवं होतं.

पाण्यातलं बाळंतपण जगभर पोचलं ते बरंचसं फ्रान्समधल्या पिथिविए गावच्या मिशेल ओदाँ या डॉक्टरांमुळे. त्यांनी 1983 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात अशा शंभर जन्मांवर लिहिलं. मला त्यात लक्षात राहिलेली गोष्ट अशी की त्यांनी तो हौद कळा सुसह्य व्हाव्यात म्हणून ठेवला होता. जन्म पाण्यात व्हावा हा हेतू नव्हता. काही बायकांना बाहेर यावंसंच वाटलं नाही आणि मूल तिथेच झालं.

हीच फोड आजच्या पुराव्यातही दिसते. कळांचा पहिला टप्पा, म्हणजे गर्भाशयाचं तोंड पूर्ण उघडेपर्यंतचा काळ, पाण्यात घालवणं ही एक गोष्ट, आणि मूल पाण्यात जन्माला येणं ही दुसरी. आपण दोन्हींना एकच नाव देतो आणि तिथेच गोंधळ होतो. 2018 च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र तपासणाऱ्या अहवालात, 15 चाचण्या आणि 3,663 स्त्रिया होत्या. पहिल्या टप्प्यात पाण्यात राहिल्याने एपिड्युरलची गरज थोडी कमी होते आणि आई किंवा बाळाला जास्त अपाय झाल्याचं दिसत नाही, असा त्याचा निष्कर्ष. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2016 मध्ये पहिल्या टप्प्यासाठी, निरोगी आईला, 37 ते 41 पूर्ण आठवड्यांच्या दरम्यान, पाणी देता येईल असं म्हटलं, पण जन्म पाण्याबाहेर व्हावा अशी शिफारस केली.

मग 2024 मध्ये ब्रिटनचा मोठा अभ्यास आला. 26 सरकारी आरोग्य संस्थांमध्ये पाण्याचा वापर केलेल्या 87,040 बाळंतपणांच्या नोंदी. कमी जोखमीच्या स्त्रियांमध्ये पाण्यात झालेले जन्म बाहेर झालेल्या जन्मांपेक्षा जास्त घातक आढळले नाहीत, ना आईला मोठ्या जखमांच्या बाबतीत, ना बाळांच्या बाबतीत. एक फरक होता: बाळ वर उचलताना नाळ तुटण्याचं प्रमाण पाण्यात हजारी 10, बाहेर हजारी 3.

हे वाचल्यावर "आपल्याकडे असलं काही नसतं" हे माझं वाक्य मला आणखीच खुपू लागलं. तिचा प्रश्न वेडा नव्हता. पण त्या 26 संस्थांत टबाशेजारी प्रशिक्षित सुईण, म्हणजे मिडवाइफ, होती. भिंतीपलीकडे किंवा रुग्णवाहिकेच्या टप्प्यात शस्त्रक्रियागृह होतं. तो अभ्यास देवबागच्या खोलीला उचलून लावता येत नाही. इंग्लंडमध्येच 2011 साली प्रसिद्ध झालेल्या जन्मस्थळांच्या अभ्यासात, घरी बाळंत व्हायचं ठरवलेल्या पहिलटकरणींपैकी शंभरातल्या 45 जणींना कळा सुरू झाल्यावर किंवा जन्मानंतर लगेच रुग्णालयात हलवावं लागलं होतं. बाळाला गंभीर अपाय होण्याचं प्रमाण रुग्णालयात हजारी 5.3, तर घरी 9.3. दुसरेपणाला हा फरक दिसला नाही. ती पहिलटकरीण होती.

टबाचं गणित

दुसऱ्या भेटीला मी आकडे घेऊन गेले, आणि नवऱ्याला सोबत घेऊन आम्ही हिशेब मांडला. तो माणूस हुशार आणि मनापासून तयारी करणारा. त्याला "हे धोक्याचं आहे" म्हणून सांगण्यात अर्थ नव्हता.

टबात जवळपास 600 लिटर पाणी. छातीपर्यंत बुडायला तेवढं लागतंच, नाहीतर अंग हलकं होण्याचा फायदा मिळत नाही. पावसाळ्यात विहिरीचं पाणी साधारण 26 अंश, ते 37 पर्यंत न्यायचं. दोन किलोवॅटच्या गीझरला त्यासाठी जवळपास चार तास, वीज एकदाही न जाता. जुलैमध्ये देवबागला चार तास सलग वीज! न्हाणीतलं तांब्याचं भाण चुलीवर चढवायचं म्हटलं तरी ओलं सरपण. आणि भरलेलं पाणी तसंच गरम राहत नाही. ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांत पाणी 37.5 अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही आणि दर तासाला मोजायचं असं आहे, कारण आईचं अंग तापलं की पोटातल्या बाळाचंही तापतं, ठोके वाढतात.

यावर त्याने काढलेला तोडगा होता, टब दोन दिवस आधी भरून ठेवायचा आणि थोडं थोडं गरम पाणी घालत राहायचं. ऐकून माझ्या अंगावर काटा आला. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात 2016 मध्ये पाण्यात जन्मलेल्या दोन बाळांना लेजिओनेला जिवाणूचा न्यूमोनिया झाल्याची नोंद आहे. त्यातल्या एका टबात पाणी दोन आठवडे आधी भरून गरम ठेवलं होतं. कोमट, साचलेलं पाणी हे त्या जिवाणूचं माहेरघर.

विहिरीचा विषय मी हळूच काढला, कारण घरची विहीर म्हणजे मानाची गोष्ट. देवबागची जमीन वाळूची, विहिरी उथळ, पावसात पाणी वर आलेलं, आणि शौचालयाचा खड्डा फार लांब नसतो. टीसीएल, म्हणजे जंतू मारणारी क्लोरीनची पावडर टाकून ते पाणी आपण वापरतो, मोठ्या माणसांना निभावतं. नवजात बाळाच्या डोळ्यानाकात आणि बाळंतिणीच्या ताज्या जखमेत ते जाणं वेगळं. सासूबाई मान हलवत म्हणाल्या, "बावीचा पाणी पावसात आमीसुद्धा उकळूनच पितो." पुढे काही सांगावं लागलं नाही.

आणि बी निगेटिव्ह रक्त. बाळंतपणानंतर रक्तस्राव कुणाला होईल हे आधी सांगता येत नाही. पाण्यात किती रक्त गेलं हे नजरेने कळतच नाही, सगळं पाणी लाल दिसतं. साध्या रक्तगटाची पिशवी ओरोसच्या जिल्हा रुग्णालयातून आणता येते. निगेटिव्ह गटाची आधीपासून सांगून ठेवावी लागते, कधी दात्याला हाक मारावी लागते. हिमोग्लोबिन 10.2 असलेल्या बाईच्या हाती तेवढा वेळ नसतो.

नवरा म्हणाला, "मॅडम, मी रोज लोकांना पाण्याखाली नेतो. आम्हाला पाण्याची भीती नाही."

"माणसाला खाली नेता तेव्हा वर बोटीवर काय काय असतं?"

त्याने मोजून दाखवलं. दुसरा डायव्हर, ऑक्सिजन, फोन, इंजिन चालू ठेवलेला तांडेल.

"आणि बोट नसेल तर न्याल?"

"नाय," तो म्हणाला. मग बायकोकडे बघितलं. घरचं बाळंतपण तिथे संपलं. मात्र पाणी अजून संपलं नव्हतं, आणि संपावं असं मलाही आता वाटत नव्हतं.

गोव्याचा पर्याय

पस्तिसाव्या आठवड्यात दोघं गोव्यातलं एक खासगी ठिकाण बघून आले. टब होता, स्वच्छता होती, बोलणारी माणसं प्रेमळ होती. अडतिसाव्या आठवड्यापासून तिथे खोली घेऊन राहायचं, ऐन पावसात खाडी मधे येऊ द्यायची नाही, असा विचार. माझा या पर्यायाला विरोध नव्हता. मी तिला फक्त विचारायचे प्रश्न लिहून दिले होते: पहिलटकरणींपैकी किती जणींना पाण्यातून बाहेर काढावं लागतं, ते कोण ठरवतं, सिझर कुठे होतं आणि टबापासून तिथे पोचायला किती मिनिटं लागतात, बाळ रडलं नाही तर पहिल्या मिनिटात कोण काय करतं, माझ्या गटाचं रक्त कुठून येईल.

पहिल्या प्रश्नाला आकडा मिळाला नाही, "तुझ्या शरीरावर विश्वास ठेव" असं उत्तर मिळालं. शस्त्रक्रियागृह चाळीस मिनिटांवर होतं. परतीच्या वाटेवर, बांद्याला चहा पिताना, तिनेच नवऱ्याला सांगितलं, इथे नको. मी त्यात काही बोलले नव्हते.

चांगल्या उत्तरांचं ठिकाण मिळालं असतं तर? तर मी तिला जा म्हटलं असतं. मुंबईत किंवा पुण्यात नातेवाईक असते, शेजारी शस्त्रक्रियागृह असलेल्या रुग्णालयात टब असता आणि रक्ताची सोय असती, तर तिच्यासारख्या निरोगी बाईला पाण्यात जन्म देण्यापासून अडवण्याचं कारण माझ्याकडे नव्हतं. हिमोग्लोबिन तोवर 11.1 झालं होतं. बाळ पायाळू असतं, जुळी असती, रक्तदाब वाढला असता, आधीचं सिझर असतं, दिवस भरण्याआधी कळा आल्या असत्या, तर गोष्ट वेगळी.

आम्ही काय ठरवलं

छत्तिसाव्या आठवड्यात बसून एका कागदावर लिहिलं, तिघींनी वाचलं, नवऱ्याने फोटो काढला.

जन्म कुडाळला, पलंगावर, पण पाठीवर नाही. पाय बांधायचे नाहीत. नवरा किंवा सासूबाई सतत आत. वाट मोठी करायचा छेद गरज पडली तरच, आणि विचारून. कळा जोर धरल्यावर, गर्भाशयाचं तोंड पाच सेंटिमीटरच्या आसपास उघडल्यावर, गरम पाण्याचा फवारा हवा तितका वेळ, न्हाणीघरात स्टुलावर बसून. त्याआधी नाही, कारण फार लवकर पाण्यात बसलं तर कळा मंदावू शकतात. पाण्यात असतानाही दर अर्ध्या तासाने डॉपलरने, म्हणजे ठोके ऐकायच्या हातातल्या यंत्राने, बाळाचे ठोके. पाणमोट फुटून पाणी हिरवट दिसलं, रक्त गेलं, ताप आला किंवा ठोके बदलले तर बाहेर, वाद न घालता. बी निगेटिव्हची एक पिशवी अडतिसाव्या आठवड्यापासून राखीव. आणि अडतीस पूर्ण झाले की देवबाग सोडून कुडाळला नवऱ्याच्या आतेकडे राहायला यायचं.

टब मी माझ्याकडे ठेवायला नकार दिला. तिने दोनदा विचारलं. माझ्या सिस्टरना बेशुद्ध होऊ लागलेल्या बाईला पाण्यातून बाहेर काढण्याचा सराव नव्हता, तसा सराव न करता टब भरणं मला मान्य नव्हतं. ती नाराज झाली, आणि नाराज होण्याचा तिला हक्क होता. फवाऱ्याखाली बसणं आणि पाण्यात तरंगणं एकच आहे असं मी तिला भासवलं नाही.

ती रात्र

एकोणचाळीस आठवडे आणि दोन दिवस. आतेच्या घरून रात्री अडीचला आली, तोंड चार सेंटिमीटर. पाच वाजता साडेपाच सेंटिमीटर. तिने न्हाणीघर मागितलं आणि दहा मिनिटांत वीज गेली. आमच्या जनरेटरवर दिवे, शस्त्रक्रियागृह, बाळाचा वॉर्मर चालतो. गीझर चालत नाही. इतकं सगळं कागदावर लिहूनही ही गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती.

आमच्या स्वयंपाकीण काकींनी न सांगता गॅसवर दोन पातेली चढवली. बादलीत थर्मामीटर बुडवून सिस्टरने पाणी 37 वर आणलं. आणि सासूबाईंनी पदर खोचून तांब्या हातात घेतला. "खय दुखता गो? हयसर?" म्हणत त्या तिच्या कमरेवर धार धरत राहिल्या. कळ आली की पाणी, ओसरली की नुसता हात. बाळंतिणीला निर्गुडीच्या पाल्याच्या कढत पाण्याने न्हाऊ घालणारा तो हात, या वेळी पाच दिवस आधीच कामाला लागला होता. असं पावणेदोन तास चाललं. ठोके चार वेळा ऐकले, चारही वेळा छान. ती ओरडत होती, मधेच गप्प होत होती, एकदा सासूबाईंच्या खांद्यावर डोकं टेकून डुलकीही घेतली.

सात सेंटिमीटरला पाणमोट फुटली. पाणी हिरवट. बाळाने आतच शी केली होती.

मी म्हटलं, आता बाहेर. ती म्हणाली, "नाही." मी कागद आठवून दिला. तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर मला अजून दिसते. मग ती उठली. पलंगाचा डोक्याकडचा भाग उभा करून, त्यावर हात टेकून, गुडघ्यांवर. नवरा समोर. शेवटच्या टप्प्यात दर पाच मिनिटांनी ठोके. आठ वाजून चाळीस मिनिटांनी मुलगी, 2.8 किलो, पुसताक्षणी रडली. छेद दिला नाही, एक लहान जखम, तीन टाके. रक्तस्राव नेहमीइतका. राखून ठेवलेली पिशवी दुसऱ्या कुणाच्या तरी कामी आली. मुलीचा गट बी पॉझिटिव्ह, म्हणून त्याच दिवशी आईला पुन्हा अँटी-डी.

हिरवट पाणी दिसलं म्हणजे माझा निर्णय बरोबर ठरला, असं मी मानत नाही. दिवस भरलेल्या बाळंतपणांत असं पाणी अनेकदा दिसतं आणि बहुतेक बाळं ठीक असतात. टबात असती तरी तिला त्याच क्षणी बाहेर यावं लागलं असतं, इतकंच म्हणता येतं. मग देवबागच्या खोलीतून, ओल्या अंगाने, सात सेंटिमीटरला, दीड तासाची वाट सुरू झाली असती.

सहा आठवड्यांनी

ती मुलीला घेऊन आली. मी विचारलं, राग गेला का. ती म्हणाली, "बाहेर काढलंत त्याचा गेला. टब नाही दिलात त्याचा थोडा आहे." मग थांबून म्हणाली, "पण त्या तांब्याचं पाणी मी विसरणार नाही. आई अजून सगळ्यांना सांगतात, मी बाळंतपण केलंय म्हणून."

दुसऱ्या वेळी टब ठेवाल का, हे तिने जाताना विचारलं. काय काय व्हायला हवं ते मी तिला सांगितलं: दोन सिस्टरना टबातून बाहेर काढण्याचा आणि न रडणाऱ्या बाळाला पहिल्या मिनिटात श्वास देण्याचा सराव, टाकीच्या पाण्याची नियमित तपासणी, प्रत्येकीसाठी टबाचं नवं अस्तर, पाण्यात चालणारं डॉपलर, आणि जनरेटरवर गीझर. बाळाला श्वास देण्याचं प्रशिक्षण दोघींचं पुन्हा झालं आहे. गीझर गेल्या महिन्यात जनरेटरला जोडून घेतला, न्हाणीघरात धरायला दांडे बसवले. टबाचा खोका तिने माझ्याकडेच आणून ठेवला आहे. तो अजून उघडलेला नाही.